अडकलेला प्लग आणि हेडचे आटे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नारळी पौर्णिमेच्या आधी होड्यांची मशिने तपासली जातात आणि गणपतीच्या आधी वर्षभर उभ्या असलेल्या गाड्या बाहेर निघतात. त्यामुळे या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत अडकलेल्या स्पार्क प्लगचा प्रश्न हमखास असतो. यंदा आलेल्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न (गुहागर) : माझी ईको गाडी सीएनजीवर चालते. पुढचे प्लग निघाले, पण सर्वांत मागच्या सिलिंडरचा प्लग हलत नाही. तेथे हात नीट पोहोचत नाही आणि पानाही सरळ बसत नाही. गॅरेजमध्ये पाइप लावून जोर देऊ असे म्हणाले. तसे करू द्यावे का?

करू देऊ नये. प्लग काही शे रुपयांत मिळतो, पण ज्या हेडमध्ये (सिलिंडरच्या वर बसणाऱ्या इंजिनाच्या भागात) तो बसला आहे ते ॲल्युमिनियमचे असते आणि त्याचे आटे गेले तर खर्च आणि वेळ दोन्ही कितीतरी पटींनी वाढतात. म्हणून प्लग काढणे हे काम दुय्यम समजावे. खरे काम हेडचे आटे वाचवण्याचे आहे.

आधी तो का अडकतो ते पाहू. प्लगचे कवच पोलादाचे आणि हेड ॲल्युमिनियमचे. हे दोन धातू एकमेकांना चिकटून असताना मध्ये खारे पाणी शिरले, की ॲल्युमिनियम झिजते आणि आट्यांच्या फटीत पांढरी भुकटी धरते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे प्लग पाचर मारल्यासारखा आवळला जातो. आपल्याकडची खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांमुळे ही क्रिया घाटावरच्यापेक्षा लवकर होते. सीएनजीच्या गाडीत प्लगवर ताणही जास्त पडतो, म्हणून तेथे प्लग वेळच्या वेळी काढून पाहणे अधिक गरजेचे.

आता कृती. ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने सीट आणि झाकण काढावेच लागते. त्याचा कंटाळा करून तिरका पाना घातला, तिथेच निम्मे नुकसान ठरलेले असते. सीएनजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते हे खरे, आणि म्हणूनच गरम इंजिनवर प्लग सैल निघेल असे अनेकांना वाटते. परंतु तापलेल्या ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात आणि प्लगसोबत ओरबाडून बाहेर येतात. थंड इंजिनवर सर्व उपाय थकले, तरच ते तळहात टेकवता येईल इतपत कोमट करून पाहावे, त्याहून जास्त नाही.

प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिच्यात टॉर्च मारून पाहा. जांभ्याच्या रस्त्यांची लाल माती तेथे थरावर थर साठलेली असते, आणि इंजिनावरच्या झाकणाच्या रबरी सीलमधून तेल गळत असेल तर त्या मातीचा चिखल झालेला असतो. कॉम्प्रेसरच्या हवेने तो आधी उडवावा, कारण प्लग निघताक्षणी ती माती थेट पिस्टनवर पडते. मग प्लगच्या बुडाशी आट्यांत झिरपणारे तेल थोडेसे सोडावे आणि रात्रभर थांबावे. रॉकेल ओतण्याची आपल्याकडे सवय आहे, पण ते फार झिरपत नाही आणि त्याची वाफ पेटू शकते.

दुसऱ्या दिवशी सहा कोनांचे सॉकेट (प्लगच्या डोक्यावर बसणारा नळीसारखा पाना) घ्यावे. बारा कोनांचे सॉकेट गंजलेल्या प्लगचे कोपरे गोल करते. एक्स्टेंशन, म्हणजे सॉकेटला जोडायची लांब दांडी, सरळ, प्लगच्या रेषेत असावे. वाकणारा सांधा वापरावाच लागला, तर तो प्लगजवळ न लावता वर, रॅचेटच्या (फिरवायच्या मुठीच्या) बाजूला लावावा, म्हणजे प्लगच्या वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर आडवा जोर येत नाही. डाव्या हाताने एक्स्टेंशनचे डोके धरून ठेवावे आणि उजव्या हाताने हळूहळू जोर वाढवत न्यावा, झटका देऊ नये. पहिला ‘कट्’ असा आवाज आला की थांबावे. तेथून पुढे पाव फेरासुद्धा एकदम मारायचा नाही. अर्धा पाव फेरा सैल करा, तेवढाच परत आवळा, तेलाचे दोन थेंब सोडा, पुन्हा सैल करा. मध्येच कोरडी ‘किर्र’ ऐकू आली, किंवा सैल झालेला प्लग पुन्हा जड लागू लागला, तर भुकटी आट्यांत गोळा होते आहे असे समजावे आणि मागे फिरावे. माझ्या हातून असे प्लग काढताना एकेकाला तास तास लागला आहे, आणि तो तास मी कधी वाया गेला असे मानले नाही.

एक सूचना साधी आहे, पण ती विसरल्याने झालेले नुकसान मी पाहिले आहे. मागच्या सिलिंडरसाठी माणूस वाकून, उलट बाजूने हात घालतो आणि सैल करण्याची दिशाच विसरतो. आमच्याकडे एका शिकाऊ मुलाने अशाच अवस्थेत जुना प्लग सैल करतो आहे असे समजून दहा मिनिटे आवळला होता. हात घालण्याआधी वरच्या झाकणावर खडूने बाण काढून ठेवावा.

प्रश्न (मालवण) : होडीच्या आउटबोर्ड मशिनचा खालचा प्लग अडकला आहे. होडी पाण्यात असतानाच काढता येईल का?

येईल, परंतु काढू नये. खालच्या प्लगसाठी मागच्या फळीवरून पाण्याकडे ओणवे व्हावे लागते. होडी हलली की पाना तिरका होतो आणि प्लगची मान मोडते. सॉकेट हातातून सुटले तर ते समुद्रात जाते हे वेगळेच. होडी शाकारलेली असेल तेव्हा, किंवा मशीन उतरवून लाकडी घोडीवर उभे केल्यावर, हे काम निवांत करावे. अगदीच नाइलाज असेल, तर पाना सुतळीने मनगटाला बांधून घ्यावा.

आउटबोर्डच्या प्लगभोवती मीठ स्फटिकांच्या रूपात बसलेले असते. तेल सोडण्याआधी गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ते पुसून घ्या आणि कोरडे करा, कारण तेलात मीठ विरघळत नाही. वरून तेल लावले तर मीठ जागचे हलत नाही आणि तेलालाही आत शिरता येत नाही. बाकी रीत वर सांगितली तीच. प्लग निघाल्यावर झिरपलेले जादा तेल बाहेर काढण्यासाठी दोरी तीन-चार वेळा ओढावी. त्या वेळी प्लगच्या वायर इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवाव्यात आणि पेट्रोलची नळी काढून ठेवावी. भोकासमोर तोंड नेऊ नये.

प्रश्न (कुडाळ) : माझी पल्सर जुनी आहे. बाहेरचा प्लग दर वेळी बदलला, आतला मात्र कधीच नाही. तो काढताना वरची पांढरी चिनी माती तुटून हातात आली. आता?

बजाजने 2003 साली पल्सरला दोन प्लगचे इंजिन दिले. त्यातला एक प्लग डोळ्यांसमोर असतो आणि दुसरा आत, लांब पाना लागेल असा. सर्व्हिसिंगमध्ये हा दुसरा प्लग राहून जातो. आपली एकट्याचीच गाडी अशी नाही.

चिनी माती तुटली तरी खालचे धातूचे षटकोनी डोके शाबूत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही, उलट सॉकेट आता अधिक खोल बसेल. फक्त गाडीला किक मारू नका. तुकडे हवेने किंवा बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने काढा, तेल सोडा आणि रात्र जाऊ द्या. या बारीक प्लगच्या डोक्याला 16 मिमीचे सॉकेट लागते. मोटारीतल्या जुन्या जाड प्लगचे 21 मिमीचे असते. ‘साधारण बसतो’ असा पाना येथे चालत नाही.

षटकोनी डोकेही तुटून आटे असलेला भाग आत राहिला, तर मात्र घरी हात लावू नये. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर त्यात ठोकून तो भाग फिरवून काढता येतो, पण ठोकताना चिनी मातीचे कण सिलिंडरमध्ये पडतात, आणि तो कण वाळूच्या खड्यासारखा सिलिंडरची भिंत ओरखडतो. माझे मत असे, की दुचाकीचे हेड उतरवून टेबलावर घ्यावे आणि मगच प्लग काढावा. गॅस्केटचा खर्च येतो, एक दिवस जातो, पण आंधळेपणाने ड्रिल चालवावे लागत नाही.

प्रश्न (देवगड) : प्लग निघाला, पण त्याच्यासोबत ॲल्युमिनियमचे आटेही गुंडाळून आले. हेड बदलावे लागेल असे सांगतात.

बहुधा लागणार नाही. भोक थोडे मोठे करून त्यात नवे आटे पाडायचे आणि पोलादी तारेचे वेटोळे किंवा भरीव बुश (आतून-बाहेरून आटे असलेली कडी) बसवायची, ही दुरुस्ती मान्य आणि टिकाऊ आहे. नीट बसवलेली बुश मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असते. प्लगसाठी मी वेटोळ्यापेक्षा भरीव बुश पसंत करतो, कारण प्लग पुन्हा पुन्हा काढावा लागतो आणि वेटोळे कधी कधी त्याच्यासोबत फिरून बाहेर येते. हेड जागेवर ठेवून आटे पाडणार असतील, तर टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत ग्रीस भरलेले आहे ना, आणि दर दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसला जातो आहे ना, हे समोर उभे राहून पाहा. मोडक्या आट्यांत नवा प्लग दाबून बसवून देतो असे कोणी म्हणाले तर गाडी परत आणा. तो प्लग चालू इंजिनातून उडू शकतो.

प्रश्न (हर्णै) : नवा प्लग पुन्हा अडकू नये म्हणून आट्यांना ग्रीस लावावे का? आणि तो किती आवळावा?

आजच्या बहुतेक प्लगवर चकचकीत मुलामा असतो आणि तोच गंजापासून रक्षण करतो, त्यामुळे आट्यांना साधे ग्रीस लावू नये. ते जळून कोळसा होते आणि प्लग आणखी चिकटतो. तांबे किंवा निकेल असलेले अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारा लेप) चालते, परंतु ते लावल्यावर घर्षण कमी होऊन तोच जोर प्लगला जास्त आवळतो, म्हणून टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सुमारे 30 टक्क्यांनी कमी करावा लागतो. एनजीकेसारखे उत्पादक आपल्या मुलामा दिलेल्या प्लगना ते लावूच नका असे सांगतात, आणि मीही मोटारीला लावत नाही. खाऱ्या पाण्याला अडवायचे असेल, तर प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपीच्या कडेला आतून सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणारे) ग्रीस बोटाने फिरवा. पाणी शिरते ते वरूनच.

आवळण्याचे माप असे : ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये 14 मिमी आट्यांच्या प्लगला साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर आणि 10 मिमीच्या बारीक प्लगला 10 ते 12 न्यूटन-मीटर. टॉर्कपाना नसेल, तर प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवावा आणि नंतर घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आणावा. वॉशर असलेला नवा प्लग सहा ते आठ तासांइतका फिरवायचा, म्हणजे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, कारण त्याचे नवे वॉशर दबायचे असते. तोच प्लग काढून पुन्हा बसवताना फक्त एक तास. वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग असेल, तर एका तासालाही थोडे कमी.

हात न पोहोचणाऱ्या सिलिंडरमध्ये प्लग पान्याने सुरू करू नका. प्लगच्या टोकावर घट्ट बसेल अशी वीतभर रबरी नळी घ्या आणि तिने प्लग भोकात फिरवा. आटे तिरके लागले तर नळी प्लगवरच घसरते आणि प्लग फिरत नाही. पाना मात्र घसरत नाही, तो तिरके आटे तसेच कापत पुढे जातो. नळीने चार-पाच फेरे सहज गेले, की मगच सॉकेट हातात घ्या.