रोज चालतो, तरी तोल का जातो?

प्रश्न : वय ७२. रोज सकाळी पाऊण तास चालतो. तरी मागच्या महिन्यात बाथरूममधून वळताना पडलो. चालणं कमी पडतंय का?

उत्तर : चालणं सोडू नका, हृदयाला आणि साखरेला ते हवंच. पण सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाचा कस लागत नाही. तो लागतो वळताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, एका पायावर उभं राहून पायजमा चढवताना. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन एकत्र करून पडताळणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०१९च्या आढाव्यात १०८ चाचण्या तपासल्या गेल्या. तोलाच्या आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्के घटलं, ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तेव्हा सुमारे ३४ टक्के. नुसत्या चालण्याबद्दल तसा भरवसा देता आला नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी ओट्यापाशी उभं करते. दोन्ही हात ओट्यावर, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना चिकटलेली, दहा सेकंद. जमलं की एकच हात, मग दोन बोटं, मग हात नुसते ओट्याच्या वर. घोटा थरथरू लागतो. तिथेच खरा व्यायाम सुरू होतो, घाबरू नका. मागे खुर्ची ठेवा, घरात कोणी असतानाच करा. तुम्ही एकदा पडला आहात, म्हणून सुरुवात फिजिओथेरपिस्टसमोर करा.

प्रश्न : आई ७८ वर्षांची, गुडघे दुखतात. योग, ताई ची की खुर्चीत बसून व्यायाम?

उत्तर : बसून सांधे मोकळे होतात, पण तोल सुधारायला उभंच राहावं लागतं. ताई ची या चिनी व्यायामप्रकारात शरीराचा भार संथपणे एका पायावरून दुसऱ्यावर जातो. त्याच आढाव्यात त्याचा फायदा सुमारे १९ टक्के दिसला. चांगला शिकवणारा जवळ असेल तर जरूर. योगातली उभ्याने करायची आसनं भिंतीलगत करावीत. मी मात्र आईंना आधी खुर्चीतून उठायला लावेन. खुर्चीत उशी घालून बैठक उंच करा, हात न टेकता उठू द्या, आणि बसताना धपकन नको, सावकाश. मांड्यांत बळ आलं की उशी काढा. गुडघ्याची कुरकुरही बहुतेकदा कमी होते.

प्रश्न : आठवड्यातून किती वेळा?

उत्तर : पासष्टीपुढच्यांना जागतिक आरोग्य संघटना किमान ३ दिवस सांगते. सोडलंत की कमावलेलं ओसरतं.

प्रश्न : पलंगावरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. व्यायामाने जाईल?

उत्तर : आधी डॉक्टरांकडे जा. झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळचं बीपी मोजायला सांगा, चालू गोळ्यांची पिशवीच सोबत न्या. तोवर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उठा.