रात्री झोपलं की छातीत जळजळ होते आणि आंबट पाणी घशाशी येतं, काय करावं?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते, ती सैल पडली की ॲसिड वर येतं आणि आडवं झाल्यावर तर ते खाली खेचायला गुरुत्वाकर्षणही नसतं, म्हणून रात्री जास्त त्रास. जेवण आणि झोप यात 2-3 तास तरी जाऊ द्या, डाव्या कुशीवर झोपा, पलंगाची डोक्याकडची बाजू 15-20 सेंमी उचला (नुसत्या उशा रचू नका, पोट दुमडून उलट दाब वाढतो). सिगरेट, दारू, पोटावरची चरबी हेही कारणीभूत असतं, ते कमी करा.

अँटासिडने लगेच बरं वाटतं पण थोडाच वेळ. ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या (पोटात ॲसिड बनणंच कमी करणाऱ्या) गोळ्या जेवणाआधी 30-60 मिनिटं घ्यायच्या असतात, बरेच जण जेवून झाल्यावर घेतात आणि मग म्हणतात गोळी लागूच पडत नाही! महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने मात्र घेत बसू नका.

गिळताना अडकतंय, वजन उगाच घटतंय, उलटीत रक्त किंवा काळी शी असेल तर डॉक्टरांना दाखवाच. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन दुखणं हातात, जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल तर ॲसिडिटी समजून थांबू नका, सरळ इमर्जन्सीत जा.