जर्मनीत नोकरी गेली तर पैसे मिळतात का? चिंचवडच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न असा होता: म्युनिकजवळच्या कंपनीची ऑफर आहे, ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा राहण्या-कामाचा परवाना) जाणार, बायको इथली नोकरी सोडून सोबत येईल, मुलगी दुसरीत आहे. तिकडे नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत सरकार पैसे देतं असं ऐकलंय, ते खरं का आणि त्यावर भागतं का?

खरं आहे. आणि जेमतेम का होईना, भागतं. मी त्यावर राहिले आहे. माझ्या आई-बाबांना हे अजून माहीत नाही. तुमचा प्रश्न वाचला आणि काही केल्या झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. फॉर्म कुठला, अर्ज कुठे करायचा, हे सगळं सरकारी साइटवर इंग्रजीतसुद्धा आहे. ते पुन्हा लिहीत नाही.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या वर्षात काही मिळत नाही. आर्बाइट्सलोझनगेल्ड, म्हणजे बेकारी विम्याचे पैसे, मिळायला मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने विम्याचा हप्ता भरलेला लागतो. पुण्यातली दहा वर्षं त्यात धरत नाहीत. भारत-जर्मनीचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, पण तो मुख्यतः पेन्शनचा. बेकारीच्या पैशांसाठी त्याचा उपयोग नाही. आणि ऑफर लेटरमध्ये सहा महिन्यांचा प्रोबेशन असेलच, त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणालाही घरी पाठवता येतं. तेव्हा पहिल्या वर्षाची तजवीज पुण्यातूनच करून निघा. सहा महिन्यांचा घरखर्च युरोत बाजूला असायलाच हवा, मग गाडी, फर्निचर, युरोप बघणं वगैरे. याबाबत कुणी काहीही सांगितलं तरी ऐकू नका.

१२ महिने भरले की सहा महिने पैसे मिळतात, २४ महिने भरले की वर्षभर. मूल असेल तर हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६७ टक्के, नसेल तर ६०. हातात ३००० युरो येत असतील तर २०१० च्या आसपास धरा. आरोग्य विम्याचा हप्ता तेच भरतात, मुलीचं किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, वेगळं चालू राहतं. आमचं घरभाडं, वीज, किराणा आणि मुलीचा पोहण्याचा क्लास यात महिना संपायचा. पैसे महिना संपल्यावर येतात, भाडं मात्र महिन्याच्या सुरुवातीला जातं. पहिला महिना त्यानेच ओढाताण होते. आणखी एक, या पैशांवर कर नाही, पण वर्षाचा कराचा दर ठरवताना ते धरले जातात. पुढच्या वर्षी कर ऑफिसचं पत्र येतं तेव्हा त्यासाठी थोडे पैसे बाजूला असलेले बरे.

आता जे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं ते. पैशांचं घड्याळ वेगळं आणि व्हिसाचं घड्याळ वेगळं. विम्याचे पैसे वर्षभर मिळतील, पण ब्लू कार्ड नोकरीवर टेकलेलं असतं. युरोपियन युनियनच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे ब्लू कार्डवाल्याला बेकारीत तीन महिने मिळतात, कार्ड घेऊन दोन वर्षं झाली असतील तर सहा. त्यानंतर परदेशी नागरिकांचे परवाने बघणारं ऑफिस परवान्याची मुदत कमी करू शकतं. नोकरी गेल्याचं त्यांना आपणही दोन आठवड्यांत कळवायचं असतं. विम्याचे पैसे घेतल्याने व्हिसाला बाधा येत नाही, ते आपणच भरलेल्या हप्त्याचे असतात. पण ते संपल्यावर जी सरकारी मदत मिळते तिचं तसं नाही. ती घेतली की स्वतःचा चरितार्थ स्वतः चालवता का, हा प्रश्न उभा राहतो. तिकडे वळायच्या आधी वकिलाला विचारा.

आमच्या घरात ब्लू कार्ड माझं होतं. नवऱ्याचा आणि मुलीचा परवाना माझ्या कार्डाला जोडलेला. म्हणजे रात्री जेवायला बसलेल्या तिघांचंही इथलं राहणं माझ्या एका नोकरीवर. त्यातच माझ्या कार्डाची मुदतही त्याच वर्षी संपत होती. आमच्या गावच्या ऑफिसला मेल पाठवायचे, उत्तर नाही. फोन उचलत नाहीत. अपॉइंटमेंटच्या पानावर कायम तेच वाक्य, सध्या तारखा उपलब्ध नाहीत. शेवटी त्यांनी एक घडीचा कागद हातात दिला, अर्जाचा निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं सांगणारा. एका कंपनीत सगळ्या मुलाखती झाल्या होत्या, पगारही ठरला होता. त्यांच्या एचआरने तो कागद बघितला आणि विचारलं, यावर तुम्हाला काम करता येतं का? त्या कागदावरच लिहिलेलं होतं की काम करायला परवानगी आहे. मी बोट ठेवून दाखवलं. त्या म्हणाल्या, आम्ही चौकशी करून कळवतो. कळवलं नाही. हे लिहितानाही माझा जीव वर-खाली होतोय. आपण काही चोरी केलेली नसते, शिक्षण असतं, अनुभव असतो, आणि समोरचा माणूस कागदाकडे बघून आपल्याकडे बघायचंच थांबवतो.

यावर एकच उतारा आहे: जर्मन भाषा. ब्लू कार्डवाल्याला २७ महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो, जर्मनची बी वन (मध्यम पातळीची) परीक्षा पास असेल तर २१ महिन्यांनी. तो हातात पडला की नोकरी गेली तरी देश सोडावा लागत नाही, मग विम्याचे पैसे पूर्ण मुदतीपर्यंत शांतपणे घेता येतात. इथे ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात म्हणून बहुतेक जण भाषा पुढे ढकलतात. तुम्ही ढकलू नका. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आहे, आजच चौकशी करा.

सहीबद्दल. कंपनीला माणसं कमी करायची असली की पुष्कळदा नोटीस देत नाहीत. छोट्या खोलीत बोलावतात, गोड बोलतात आणि परस्परसंमतीने नोकरी संपवण्याचा करार पुढे करतात. वर काही महिन्यांचा पगार देऊ म्हणतात. माझ्या जुन्या कंपनीने मला शुक्रवारी दुपारी बोलावलं आणि सोमवारपर्यंत सही हवी म्हणाले. सही केली, किंवा आपणहून राजीनामा दिला, तर बेकारी विमा सहसा बारा आठवडे अडवून ठेवतात, आणि एकूण मुदतीतलाही किमान चौथा हिस्सा कापतात. मी कागद घरी नेला आणि सोमवारी सही न करताच परत दिला. मग त्यांनी रीतसर नोटीस दिली. नोटीस इथे कागदावर शाईच्या सहीनिशीच लागते, मेलवर आलेली चालत नाही. ती मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात जाता येतं, आणि तीन दिवसांत आर्बाइट्सआमटकडे, म्हणजे इथल्या रोजगार कार्यालयाकडे, ‘काम शोधते आहे’ अशी नोंद करावी लागते. या तीन दिवसांत रडायलाही वेळ ठेवू नका, आधी नोंद. रडणं नंतर होतंच.

आता लाजेबद्दल. तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या प्रश्नात ‘सरकार पैसे देतं’ असे शब्द आहेत, म्हणून लिहिते. सरकार देत नाही. इथल्या पगारपत्रकात ‘एव्ही’ अशी दोन अक्षरं असलेली बेकारी विम्याची एक ओळ असते, त्यात पगारातले १.३ टक्के जातात आणि तेवढेच कंपनी भरते. आणि पुण्यातल्या तुमच्या पगारपत्रकातही अशी एक ओळ आहे. पी.टी., महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी बसवला. काम मागणाऱ्याला काम द्यायचं आणि ते देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असा कायदा आपल्याकडे १९७७ सालचा आहे. त्याची सुरुवात आमच्याच सांगली जिल्ह्यात झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला पहिला प्रयोग केला. म्हणजे ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यासाठी सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. तरी मला लाज वाटली.

आमचं मूळ गाव आटपाडी तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, बाबा तेव्हा शाळेत. बाबांना त्या दिवसांचं नावही काढलेलं आवडत नाही. रेशनची लाल मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, हे शब्द घरात आले की ते उठून जातात. पुढे ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले आणि आम्हाला एकच शिकवलं, कुणाचं फुकट खायचं नाही. आजी मात्र मोकळेपणी सांगायची. हाताला घट्टे पडले, पण चूल कधी विझली नाही, म्हणायची. आठवड्याचे पैसे मोजून घ्यायची, कमी दिले तर मुकादमाशी भांडायची.

मी बेकार असतानाच आजी गेली. विम्याचे पैसे घेताना आपण इथे हजर असावं लागतं. गाव सोडून जायचं तर आर्बाइट्सआमटची आधी परवानगी, आणि वर्षात तीन आठवड्यांपर्यंतच पैसे चालू राहतात. मी सकाळी फोन केला. माझी फाइल सांभाळणाऱ्या बाई आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, तुम्ही निघा, मी नोंद करते. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. आजीच्या दहाव्याला घाटावर सगळे विचारत होते, सुट्टी किती दिवस आहे? मी म्हणत होते, तीन आठवडे. बाबा शेजारी उभे राहून नातेवाइकांना सांगत होते की पोरीच्या कंपनीत माणसाला किती जपतात. ज्या एका माणसाला मी खरं सांगू शकले असते, तिचाच दहावा होता. बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलगी दुसरीत आहे म्हणालात, म्हणून शाळेचंही. बव्हेरियात चौथीच्या शेवटी मुलांची वाटणी होते. मे महिन्याच्या सुरुवातीला निकाल हातात देतात. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूलं (मधली), त्यापुढे मिटेलशूलं (त्याखालची). इथे १ हा सगळ्यात चांगला ग्रेड. माझ्या मुलीला गणितात २, जर्मनमध्ये ३, परिसर अभ्यासात ३. सरासरी २.६६. एका विषयातला एक ग्रेड. परिसर अभ्यासात ती का मागे पडली? तिथल्या प्रश्नात जुन्या चालीरीती असतात, आसपासची झाडं असतात, गावाचं पाणी कुठून येतं ते असतं. बाकीच्या मुलांना ते आजी-आजोबांकडून आपोआप येतं. बाईंनी मला सांगितलं, घरी जर्मन बोलत जा. दहा वर्षांच्या मुलीशी मराठीत बोलू नका, असं मला तोंडावर सांगितलं. मी घरी मराठीच बोलते, बोलणार. पण त्या एका ग्रेडचा सल गेलेला नाही. ती रेआलशूलंत खूश आहे, मैत्रिणी आहेत, पुढे जायला वाटाही आहेत. सल माझा आहे. तुमची मुलगी इथे येऊन तिसरीत बसली तर तिच्या हातात जेमतेम दीड-दोन वर्षं उरतात. नव्याने आलेल्या मुलांसाठी काय सवलती आहेत ते शाळेत पहिल्याच आठवड्यात विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

एकटेपणाबद्दल लोक पानं भरभरून लिहितात. येतो, जातो. गणपतीला मराठी मंडळात जा, रोज थोडं चाला, बास.

बायकोची काळजी जास्त करा. त्यांनी इथे हप्ता भरलेला नसेल, त्यामुळे त्यांना विम्याचा एक पैसाही मिळणार नाही, मग पुण्यात पगार कितीही असो. पण तुमच्या ब्लू कार्डमुळे त्यांना इथे कुठलीही नोकरी करता येते, त्याला वेगळी परवानगी लागत नाही. शक्य असेल तर त्यांनी पुण्यातली नोकरी लगेच सोडू नये, बिनपगारी रजा मिळते का बघावं, आणि तेवढ्यात बी वन संपवावी. घरात दोन पगार आले की वर लिहिलेल्या बहुतेक गोष्टींची धार कमी होते. माझ्या नवऱ्याला नोकरी लागली तेव्हा मी पहिल्यांदा पूर्ण रात्र झोपले. मलाही त्यानंतर थोड्याच दिवसांत नोकरी लागली.

तुमच्या ऑफर लेटरमध्ये प्रोबेशन किती, नोटीस पिरियड किती आणि करार कायमचा की ठरावीक मुदतीचा, एवढं मला लिहून कळवा. मुदतीचा असेल तर सही करण्याआधी कळवा.