५६ की ८९? धडक वेगळी, घसरण वेगळी

धडकेच्या गणितात तुमचं उत्तर ताशी ५६ किमी येतंय आणि आन्सर की ८९ म्हणते, बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंत. आन्सर की बरोबर आहे, उत्तर ताशी ८९ किमीच. तुमचे ५६ कुठून आले तेही दिसतंय. धडकेआधीची सगळी गतिज ऊर्जा तुम्ही घर्षणाच्या खात्यात टाकली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गणित असं: नागपूरच्या वर्धा रोडवर सिग्नलला १८०० किलोची गाडी उभी आहे. मागून १२०० किलोची कार येऊन आदळते. दोन्ही एकमेकींत अडकतात, सगळी चाकं जाम होतात आणि १० मीटर घासत जाऊन थांबतात. घर्षण गुणांक ०.५. कारचा धडकेआधीचा वेग काढा.

शेवटाकडून सुरुवात करा. घसरताना फक्त घर्षण काम करतंय, म्हणून इथे ऊर्जा वापरायची: अर्धा × ३००० × वेगवर्ग = ०.५ × ३००० × ९.८ × १०. दोन्हीकडचे ३००० उडाले, वेगवर्ग ९८, वेग ९.९ मीटर प्रति सेकंद. हा धडकेनंतर लगेचचा वेग. पुष्कळ पोरं इथेच ३.६ ने गुणून, ताशी किमी काढून मोकळी होतात.

आता धडक. इथे मोमेंटम (संवेग, म्हणजे वस्तुमान × वेग) टिकतं: १२०० × वेग = ३००० × ९.९, म्हणजे २४.७५ मीटर प्रति सेकंद, ताशी ८९ किमी. जी (गुरुत्वत्वरण, वर घेतलेला ९.८) १० घेतला तर ९०. पर्यायांमध्ये दोन्ही आकडे असतील तर पेपरमध्ये जी किती दिलाय ते आधी बघा.

ऊर्जा धडकेतून आरपार का नेता येत नाही? हिशेब करून पाहा. आधी ३,६७,५०० जूल, नंतर १,४७,०००. मधले २,२०,५०० जूल, म्हणजे ६० टक्के, पत्रा चेपण्यात, आवाजात, उष्णतेत गेले. चिकटून जाणाऱ्या टकरीत समोरची वस्तू स्थिर असेल, तर उरणारा वाटा नेहमी आदळणाऱ्याचं वस्तुमान भागिले एकूण वस्तुमान एवढाच असतो. इथे १२०० भागिले ३०००, म्हणजे ०.४. उत्तर तपासायला एवढं पुरेसं आहे.

तुमची दुसरी शंका रास्त आहे: धडक होताना रस्त्याचं घर्षण असतंच की, मग मोमेंटम टिकतं कसं? काटेकोर बोलायचं तर टिकत नाही. पण धडक ०.१ सेकंदाची धरा. पुढच्या गाडीला तेवढ्यात १७,८२० किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद मोमेंटम मिळालं, म्हणजे सरासरी बल सुमारे १.७८ लाख न्यूटन. दोन्ही गाड्यांचं मिळून घर्षण जास्तीत जास्त १४,७००. तेवढ्या वेळात ते १,४७० चं मोमेंटम खाईल, एकूण २९,७०० पैकी ५ टक्क्यांच्या आतच. म्हणून सोडून देतो. एक गाडी दुसरीला सेकंदभर रेटत नेत असेल, तर मात्र ही सूट नाही.

वस्तुमान उडतं हेही डोळे झाकून धरू नका. फक्त पुढच्या गाडीची चाकं जाम आणि मागचीची मोकळी फिरत असतील, तर घर्षण ०.५ × १८०० × ९.८ = ८,८२० न्यूटन, पण हलणारं वस्तुमान ३०००च. मग धडकेनंतरचा वेग ७.६७ आणि कारचा १९.१७, म्हणजे ताशी ६९. एका वाक्याने उत्तर वीसने खाली! परीक्षक ते वाक्य उगाच टाकत नाही. घर्षण गुणांकावर मात्र डोकं चालवू नका. नागपुरात सिमेंट रोड आहे, म्हणून जास्त धरू का, असला विचार पेपरच्या बाहेर करा.

कारने आधी ब्रेक दाबले असतील तर गणिताचे तीन तुकडे होतात. २४.७५ हा आदळतानाचा वेग. ब्रेक लागले तिथला वेग काढायला त्याच्या वर्गात २ × ०.५ × ९.८ × ब्रेकचं अंतर मिळवा आणि वर्गमूळ घ्या.

चौकातली आडवी धडकही अशीच सुटते. व्हेरायटी चौकात कार पूर्वेकडे आणि मोठी गाडी उत्तरेकडे चालली होती, चिकटून पूर्वेपासून ३७ अंशांत १० मीटर घासल्या असं समजा. ऊर्जेला दिशा नसते, म्हणून ९.९ तसाच राहतो. मोमेंटमला असते, म्हणून पूर्व आणि उत्तर वेगवेगळं मांडा: पूर्वेला ३००० × ९.९ × ०.८ भागिले १२००, कारचा वेग १९.८; उत्तरेला ३००० × ९.९ × ०.६ भागिले १८००, मोठ्या गाडीचा ९.९. ताशी ७१ आणि ३६.