पोरगं हसलं की ओ, मॅडम

"माणूस मरत होता आणि पोरगं हसलं की ओ, मॅडम."

खुर्चीत बसायच्या आधीच त्या हे बोलल्या. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या नगावर काम करतात. बोटाला गुंडाळलेला निळा दोरा सोडवत होत्या. तो सुटून खाली पडला तरी बोटं तशीच चालू होती. मुलगा अकरावीत. त्याच्या मोबाइलवर जमावानं एकाला मारल्याचा व्हिडिओ होता, खाली मित्रांनी टाकलेले हसरे चेहरे, आणि त्यात याचाही एक. "उद्या हा काय तर करून बसंल का?"

मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. २२ एप्रिल २०२५ ला काश्मीरमध्ये पहलगामला दहशतवाद्यांनी २६ माणसं मारली, त्यानंतर जास्तच. हे कुटुंब कुठल्या धर्माचं ते मी मुद्दाम लिहीत नाही. दोन्हीकडच्या आया याच खुर्चीत बसून गेल्यात आणि याच शब्दांत बोलल्यात. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.

आधी घाईचं विचारून घेतलं. हत्याराची भाषा करतो का, कुणाचं नाव घेऊन "बघतो त्याला" म्हणतो का, घरातून गायब असतो का? यातलं काही असतं तर समुपदेशनाची वाट न बघता पोलिसांकडे जा, असंच सांगितलं असतं. तसं काही नव्हतं. द्वेष करणारी बहुतेक माणसं आयुष्यात कधी हात उचलत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. पण त्या हसण्याकडे काणाडोळा करू नका, हेही सांगितलं.

मुलगा आला तो हाताची घडी घालून. माझी पहिली भेट वाया गेली, आणि ती माझ्यामुळे. आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं सांगायला लागले: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, चौघे वेगवेगळ्या घरांतले आणि १२ जानेवारी १९३१ ला एकाच दिवशी फासावर गेलेले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शाळेत दरवर्षी सांगतात हे." खरं होतं त्याचं. दुखत कुठं आहे ते न विचारताच मी त्याला एकोप्याचा धडा द्यायला निघाले होते.

दुसऱ्या भेटीत त्याला ग्रुपवरचे चार मेसेज मोठ्यानं वाचायला सांगितले. समोरच्या लोकांना त्यात कुणी माणूस म्हणतच नव्हतं. किडे म्हणत होते. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ साली एक रेडिओ केंद्र तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाच्या लोकांना रोज झुरळं म्हणायचं, आणि साधारण शंभर दिवसांत तिथं लाखो माणसं कापली गेली, बरीचशी शेजाऱ्यांच्याच हातून, हे त्याला सांगितलं. त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. त्याच्या हसण्याचं मला जे कळलं ते एवढंच: माणूस मेल्यावर तो हसला नव्हता. किडा मेल्यावर हसला होता. शब्द आधी आला, हसू मागून.

पण हा शब्द याच्याच मनात इतका घट्ट का बसला? दहशतवादी म्हणजे डोकं फिरलेला माणूस, असं मानलं की आपल्याला बरं वाटतं. अशा माणसांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्यांना मात्र मानसिक आजार हे त्याचं सरसकट कारण आढळलेलं नाही. बरेच जण मित्रामागून, भावामागून त्यात ओढले जातात. आणि 'आपण–ते' उभं राहायला फार काही लागतही नाही. हेन्री ताजफेल हा मानसशास्त्रज्ञ मूळचा पोलंडमधला ज्यू; त्याच्या घरची माणसं नाझींनी संपवली. पुढे इंग्लंडमध्ये त्यानं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे अगदी क्षुल्लक कारणावरून गट पाडले आणि पैसे वाटायला दिले. मुलांनी झुकतं माप आपल्याच गटाला दिलं. आपल्याला चार कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत, असाही कल दिसला. ही रक्तपाताच्या कितीतरी आधीची पायरी. पुढच्या पायऱ्यांवर चढवायला कुणाची तरी जुनी जखम लागते.

म्हणून तिसऱ्या भेटीत मी 'का' विचारलं नाही, 'कधीपासून' विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "पप्पांना मारलं होतं."

तो बारा वर्षांचा असताना एका मिरवणुकीच्या गर्दीत वडिलांच्या गाडीचा कुणाला तरी धक्का लागला. त्या माणसानं भर चौकात त्यांच्या कानाखाली वाजवली. वडील एक शब्द बोलले नाहीत, गाडी चालू करून निघाले. हा मागे बसला होता. आरशात त्यांचा लाल झालेला गाल दिसत होता, घर येईपर्यंत. घरी कुणीच विषय काढला नाही. चार वर्षं ती चपराक याच्या पोटात होती. मग मोबाइलनं तिला पत्ता दिला: मारणारा एक माणूस नव्हे, 'ते सगळे'.

आईनं लगेच विचारलं, "म्हंजे त्याचं बरोबर हाय म्हणायचं का?" नाही. कारण सापडलं म्हणून हिशेब फिटत नाही. पहलगामला ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांचं बालपण कसंही गेलेलं असो, त्या २६ घरांचं देणं त्यांच्याच डोक्यावर आहे. कारण शोधायचं ते अजून काही घडलेलं नाही अशा घरांसाठी.

वडिलांना बोलावलं. यंत्रमागावर काम करणारा, खटखटाटात आयुष्य गेल्यामुळे मोठ्यानं बोलणारा माणूस. चपराकेचं नाव काढल्यावर मात्र आवाज खाली आला. "तू बघितलंस व्हय?" मग जरा वेळानं, "तू मागं बसला होतास म्हणून गप बसलो. एकटा असतो तर भांडलो असतो."

मला वाटलं पोरगं रडेल. ते रडलं नाही. चिडलं. "मग तवाच सांगायचं की!" त्या दिवशी बापलेक एकमेकांशी न बोलताच जिना उतरले.

याला पाच महिने झाले. एका ग्रुपमधून तो बाहेर पडलाय, दुसऱ्यात अजून आहे. बातम्यांवरून घरात वाद होतात. आई म्हणते, पण आता बाप उत्तर देतो, उठून जात नाही. मोबाइल हिसकावू नका, एवढं मी दोघांना बजावलंय. मधूनच मला एखादा व्हिडिओ येतो, खाली त्याचा प्रश्न: "हे खरंय का?" मी शोधून कळवते. गेल्या आठवड्यातला भलत्याच देशातला आणि जुना निघाला. तसं लिहिलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "ग्रुपवर पण टाकू का हे?"