तंत्रशाही की तंत्रज्ञशाही?

नागपुरात धंतोलीच्या एका अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलीचा प्रश्न आहे: टेक्नोक्रसीला (म्हणजे अभियंते-तज्ज्ञांनी कारभार चालवण्याच्या कल्पनेला) एका पुस्तकात 'तंत्रशाही' म्हटलंय, दुसऱ्यात 'तंत्रज्ञशाही'. बरोबर कोणता? आणि हा समाजवादाचाच प्रकार का?

आधी 'शाही'. फारसी 'शाह'वरून आलेली ही शेपटी आदिलशाही-निजामशाहीत मुरली आणि मग लोकशाही, नोकरशाही, झुंडशाही अशी कुणालाही लागू लागली. हिंदीत 'पूंजीवाद' आहे, आपल्याकडे 'भांडवलशाही'. समाजवाद मात्र 'वाद'च राहिला. म्हणजे मराठीत भांडवल राज्य करतं आणि समाज नुसता वाद घालतो!

अडचण 'तंत्र'ची आहे. आज तंत्र म्हटलं की यंत्र, आयटीआय आठवतं. पण 'तो थोरल्या भावाच्या तंत्रानं चालतो' म्हणताना तंत्र म्हणजे हुकमत. स्वतंत्र, परतंत्र यांतही तेच. मग तंत्रशाही म्हणजे हुकमतीची हुकमत? म्हणून बरीच वर्षं मी तो शब्द खोडून तंत्रज्ञशाही लिहायचो. पुढं मूळ चळवळीबद्दल वाचलं आणि खोडणं बंद केलं.

'टेक्नोक्रसी' हा शब्द कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा अभियंता विल्यम हेन्री स्मिथ यानं 1919 साली घडवला असं सहसा मानतात. त्याच्या मनात होतं लोकांचंच राज्य, शास्त्रज्ञ आणि अभियंते त्या लोकांचे सेवक. 1929 च्या मंदीनंतर टेक्नोक्रसी चळवळीचा अमेरिकन पुढारी हॉवर्ड स्कॉट यानं तो शब्द उचलला आणि अर्थ बदलला. त्याचं म्हणणं, रोग पैशाच्या मोजमापात आहे. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा भाव पडला की काय होतं, आठवा. फळ तितकंच, खाणारी तोंडं तितकीच, पण तोडणीचा खर्च निघत नाही म्हणून माल बागेतच सडतो. स्कॉटचा उपाय असा: किंमत रुपया-डॉलरमध्ये मोजूच नका, वस्तू बनवायला किती ऊर्जा लागली ते मोजा. प्रत्येक प्रौढ माणसाला सारखी ऊर्जा-प्रमाणपत्रं द्यायची. ती दुसऱ्याला देता येणार नाहीत, साठवता येणार नाहीत, मुदत संपली की बाद. आपण उन्हाळ्यात कूलरचं बिल बघताना आधी युनिट बघतो आणि मग रुपये. स्कॉट म्हणतो, युनिटवरच थांबा.

सारखं वाटप आलं, म्हणून ही योजना समाजवादी वाटते. पण समाजवादी विचारतो, गिरणी कुणाच्या मालकीची? कामगाराचं शोषण कोण करतो? स्कॉटला त्यात फारसा रस नव्हता. पैशात मोजणारे सगळेच त्याच्या लेखी एका माळेचे मणी, साम्यवादीसुद्धा. त्याला मतपेटीही नको होती आणि वर्गलढाही. नातं शोधायचंच तर थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थतज्ज्ञाकडे जा. धंदेवाले नफ्यासाठी उत्पादन रोखून धरतात, अभियंते ते मोकळं करू शकतील, असं तो 1921 च्या पुस्तकात मांडतो. (मला विचाराल तर स्कॉटपेक्षा व्हेब्लेन कितीतरी खमंग आहे.)

आपल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेला ज्यांचं नाव आहे ते विश्वेश्वरय्या अभियंते, म्हैसूरचे दिवाणही होते, आणि 1934 साली त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. पण रुपया मोडीत काढा असं ते म्हणत नव्हते, त्यांना कारखाने हवे होते. त्यांना स्कॉटच्या रांगेत बसवू नका.

तर माझ्यापुरती वाटणी अशी. स्कॉटच्या योजनेत माणसापेक्षा मोजमाप राज्य करतं, तिथं 'तंत्रशाही' चालेल, हुकमतीचा जुना अर्थही तिथं चपखल बसतो. निवडणूक न लढलेल्या तज्ज्ञांच्या हाती सरकार येतं, 2011 साली इटलीत अर्थतज्ज्ञ मारिओ मोंती पंतप्रधान झाले तसं, तिथं 'तंत्रज्ञशाही' लिहा. खरं तर तिथं 'तज्ज्ञशाही' जास्त नेमका. अर्थतज्ज्ञाला तंत्रज्ञ कोण म्हणतो? पण पेपर तपासणाऱ्याला तो शब्द माहीत असेलच असं नाही, तेव्हा परीक्षेत जपून.