रात्रीचं बॉनेट: रेशमी घ्यावं की पॉलिएस्टरचं?

झोपताना केसांवर गुळगुळीत कापडाची टोपी घालण्याची पद्धत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. आपल्याकडे कुरळ्या केसांची निगा राखणाऱ्यांनी ती उचलली आणि आता सरळ केसांच्या मुलीही बॉनेट विकत घेतात. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

‘सॅटिन सिल्क’ बॉनेट दोनशे रुपयांना मिळतं आणि ‘मलबरी सिल्क’ लिहिलेलं त्याच्या सात-आठ पट किमतीला. हाताला दोन्ही सारखीच गुळगुळीत लागतात. मग जास्त पैसे कशासाठी द्यायचे? (डोंबिवली)

दोनशेवालं बहुधा पूर्णपणे पॉलिएस्टरचं असेल. ‘मलबरी सिल्क’ म्हणजे तुतीच्या पानांवर वाढलेल्या किड्यांचं खरं रेशीम. सॅटिन ही विणीची तऱ्हा आहे. तिच्यात एक धागा चार किंवा जास्त धाग्यांवरून सरळ जातो, त्यामुळे पृष्ठभाग सपाट आणि चकचकीत होतो. धागा रेशमाचा असो की पॉलिएस्टरचा, अशी वीण गुळगुळीतच लागते.

केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. सुती अभ्र्यातून आखूड तंतूंची टोकं वर आलेली असतात. कूस बदलताना ती खवल्यांना घासतात, मग गुंता होतो आणि टोकं तुटतात. रेशमाचा किंवा पॉलिएस्टरचा तंतू लांबलचक आणि अखंड असल्यामुळे हे घर्षण कमी होतं. म्हणजे केस तुटणं थांबवायचं एवढाच हेतू असेल, तर चांगल्या विणीचं पॉलिएस्टर जवळपास तेवढंच काम करतं. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

खरा फरक घाम आणि उष्णतेत आहे. सर्वसाधारण हवेत रेशीम स्वतःच्या वजनाच्या सुमारे ११ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. डोंबिवलीच्या मे महिन्यात पॉलिएस्टरखाली टाळू चिकचिकते, ती याचमुळे. ‘सुती कापड केसांतला ओलावा ओढतं, रेशीम ओढत नाही’ हे वाक्य मात्र मनावर घेऊ नका. सुती कापड साधारण ८ टक्के ओलावा धरतं, रेशमापेक्षा कमीच. केसांना रेशमाचा फायदा होतो तो घर्षण कमी असल्यामुळे.

रेशीम खरं आहे हे घरी कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

आधी लेबल वाचा. ‘सिल्की’, ‘आर्ट सिल्क’, ‘सॅटिन सिल्क’ म्हणजे रेशीम नव्हे. ‘बांबू सिल्क’ हे व्हिस्कोस, म्हणजे झाडांच्या लगद्यापासून कारखान्यात बनवलेला धागा असतो. ‘१०० टक्के मलबरी सिल्क’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. केंद्रीय रेशीम मंडळाने पुरस्कृत केलेलं ‘सिल्क मार्क’ हे चिन्ह असेल तर उत्तमच. ते २००४ पासून आहे.

मग आतून बघा. बाहेरून रेशीम आणि आतून पॉलिएस्टरचं अस्तर ही नेहमीची युक्ती आहे. केसांना लागतं ते अस्तर, त्यामुळे पैसे वाया जातात.

जळण्याची परीक्षा सगळ्यांत खात्रीची. आतल्या शिलाईच्या कडेने कापडाचा एक उभा आणि एक आडवा धागा काढा. शिवणीचा दोरा घेऊ नका, तो खऱ्या रेशमी टोपीतही बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच असतो आणि माणूस उगाच घाबरतो. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धागा धरून काडी लावा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि काळी राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून आकसतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. व्हिस्कोस कागदासारखं जळतं. उभा आणि आडवा, दोन्ही धागे तपासा, कारण एका बाजूने रेशीम आणि दुसऱ्या बाजूने पॉलिएस्टर असलेलं कापडही विकलं जातं.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही उपयोगी पडतो. रेशमी कापडाचं वजन ‘मॉमी’त सांगतात. १ मॉमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. ६० सेंटिमीटर व्यासाच्या दुहेरी, १९ मॉमीच्या बॉनेटमध्ये नुसतं कापडच ४७ ग्रॅमच्या आसपास भरतं. त्या मापाचं बॉनेट इलॅस्टिकसकट ३५ ग्रॅम भरलं, तर ते एकपदरी आहे किंवा मॉमीचा आकडा खोटा आहे. बॉनेटला १६ ते १९ मॉमी पुरे. २५ मॉमीचं कापड टिकतं खूप, पण डोक्यावर जड होतं.

रविवारी रात्री खोबरेल तेल लावून सकाळी न्हाते. रेशमी बॉनेट खराब होईल का? (चिपळूण)

होईल. तेलाचे डाग रेशमात मुरतात आणि ते काढायला वापरलेल्या कडक साबणाने रेशमाची चमक जाते. तेलाच्या रात्रीसाठी स्वस्तातलं पॉलिएस्टरचं वेगळं ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी कोमट पाण्यात साबणाने धुऊन टाका. पॉलिएस्टर तेल धरून ठेवतं. दोन-तीन वेळा न धुता वापरलं की त्याला खवट वास येतो आणि तो पुढे जाता जात नाही.

कोंडा असेल तर रात्रभर तेल लावून वर टोपी घालूच नका. कोंड्याला हातभार लावणाऱ्या बुरशीला तेल आणि ऊब दोन्ही मानवतात. ओल्या केसांवरही बॉनेट नको. केसांच्या टोकांना थोडी ओल चालेल, पण बोटांना टाळू कोरडी लागली पाहिजे.

रेशमी बॉनेट चार धुण्यांत कडक आणि निस्तेज झालं. काय चुकलं? (नाशिक)

बहुधा साबण चुकला. कपड्यांच्या अनेक पावडरींमध्ये डाग काढणारं प्रोटीएज नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं आणि रेशीम हे प्रथिनच आहे. शिवाय पावडर अल्कधर्मी असते. पाणी बोअरवेलचं जड असेल तर साबणाचा चुनखडीसारखा थर कापडावर बसतो.

पुढच्या वेळी २ लिटर साध्या पाण्यात १ चहाचा चमचा सौम्य शाम्पू घाला. बॉनेट उलटं करून ३-४ मिनिटं हलवा, चोळू नका. शेवटच्या पाण्यात लिटरला १ चहाचा चमचा पांढरं व्हिनेगर घातलं की थर सुटायला मदत होते. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा, कारण उन्हाने रेशीम पिवळं पडतं. रिठ्याचं पाणी उत्तम, पण गडद रंगांनाच. फिक्या रेशमावर त्याची तपकिरी झाक राहते. ब्लीचचा थेंबही नको.

आईच्या जुन्या रेशमी साडीचं बॉनेट शिवता येईल? (येवला)

पैठणी असेल तर काठ-पदर सोडून मधलं साधं कापड घ्या, कारण जरीची तार केसांत अडकते. टसर टाळा. भंडाऱ्याकडचं टसर दिसायला देखणं, पण धागा जाड आणि खडबडीत असतो. कांजीवरमही जड आणि ताठ पडतं. मऊ, हलकं मलबरी रेशीम सगळ्यांत बरं.

साडीच्या घड्या आधी उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून बघा. धागे सरकले किंवा चिरले तर तो भाग टाकून द्या. ६० सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळं कापा आणि कापडाची गुळगुळीत बाजू आत आणि बाहेर येईल अशी जोडा. कडेला ३ सेंटिमीटर रुंद नेफा करून त्यात २ सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक ओवा. इलॅस्टिकची लांबी डोक्याच्या घेरापेक्षा ५ सेंटिमीटर कमी ठेवा, म्हणजे घेर ५६ असेल तर ५१.

सकाळी बॉनेट उशीखाली सापडतं. घट्ट घेतलं तर कपाळावर वळ उठतो. (पुणे)

वळ उठेल इतकं घट्ट कधीच नको. कपाळाजवळचे केस रोज ओढले गेले तर तिथली केसरेषा मागे जाऊ लागते. पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बारीक इलॅस्टिकऐवजी रुंद पट्टीचं किंवा मागे बांधायच्या नाडीचं घ्या आणि पट्टी केसांवर न ठेवता कपाळाच्या कातडीवर टेकू द्या. रेशमी अभ्र्यावर रेशमी बॉनेट घसरणारच, तेव्हा उशीला सुती अभ्रा घाला. लांब केसांची सैल वेणी घालून ती आत दुमडून ठेवा. एवढं करूनही टिकत नसेल तर बॉनेटचा नाद सोडा आणि सॅटिनचा अभ्रा घ्या.

आठ महिन्यांच्या बाळाचे मागचे केस घासून गेलेत. छोटं बॉनेट घालू का? (ठाणे)

नको. झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी नसावी. ती तोंडावर सरकू शकते आणि बाळाचं अंग तापतं. ते केस पुन्हा येतात.

बॉनेट वापरूनही केस गळतातच. (नागपूर)

गळलेल्या केसाचं टोक बघा. एका टोकाला पांढरट गाठ असेल तर तो मुळापासून गळला आहे आणि त्यावर कुठल्याच कापडाचा उपाय नाही. रोज ५० ते १०० केस जाणं स्वाभाविक आहे. त्याहून बरेच जास्त जात असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गाठ नसलेले आखूड तुकडे पडत असतील तर ते तुटणं आहे, आणि तिथे बॉनेट खरंच उपयोगी पडतं.

इथे हिवाळ्यात हीटर चालू असतो. पॉलिएस्टरचं बॉनेट काढलं की केस उभे राहतात. (टोरोंटो)

हीटरने खोलीतली हवा कोरडी पडते आणि ओलावा न धरणाऱ्या पॉलिएस्टरवर स्थिर वीज साठते. कोरड्या हवेत रेशमावरही ती येते, पण कमी. तुमच्याकडे रेशमावर खर्च करणं योग्य ठरेल. तोपर्यंत झोपण्याआधी केसांच्या टोकांना लीव्ह-इन (लावल्यावर धुवायचं नसतं अशा) कंडिशनरचे दोन-तीन थेंब लावा आणि बाहेर जाताना घालायच्या लोकरी टोपीला आतून सॅटिनचं अस्तर लावून घ्या, कारण दिवसा ती टोपीही तितकेच केस तोडते.